ड्रमवादनातील वेगाची साधना

ड्रम सेट हा एकाच वादकाने दोन्ही हात आणि दोन्ही पाय वापरून वाजवायचा तालवाद्यांचा संच आहे. त्यात साधारणपणे पायाने वाजणारा बेस ड्रम, गुडघ्यांच्या मध्ये ठेवलेला स्नेअर, दोन-तीन टॉम, पायाने उघडमिट होणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी आणि स्टँडवर लावलेल्या राइड व क्रॅश या मोठ्या झांजा असतात. या वाद्याच्या शिक्षणात वेगाचा प्रश्न फार लवकर उभा राहतो, कारण विद्यार्थ्याला ऐकलेले वेगवान तुकडे वाजवून पाहायचे असतात आणि हात मात्र एका ठरावीक गतीच्या पुढे सरकत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण अधिक जोर लावतात, जोर लावल्याने हात आखडतात आणि होती ती गतीही कमी होते. यामागे शरीररचना, पदार्थविज्ञान आणि कौशल्य अंगी बाणण्याची प्रक्रिया अशी तिन्ही प्रकारची कारणे आहेत, आणि विसाव्या शतकातील अमेरिकी ड्रमशिक्षकांनी ती प्रयोगशाळांच्या आधी अनुभवातून ओळखून त्यांवर सरावाच्या पद्धती बेतल्या. या पद्धती वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे, ते असे की ड्रमवादकाचा वेग आघाताच्या जोरापेक्षा आघात झाल्यानंतर हात किती लवकर मोकळा होतो यावर अवलंबून असतो.

वेग म्हणजे काय

ड्रमवादनात गती दोन आकड्यांनी सांगितली जाते. पहिला आकडा मिनिटाला किती ठोके पडतात याचा असून त्याला बीपीएम म्हणतात, आणि दुसरा आकडा प्रत्येक ठोक्याचे किती समान भाग केले आहेत याचा असतो. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्यात चार आघात वाजवले तर सेकंदाला चार आघात होतात, १२० च्या लयीत आठ होतात आणि २०० च्या लयीत ते तेराच्या वर जातात. हे आघात उजव्या आणि डाव्या हाताने आळीपाळीने वाजवले, म्हणजेच ज्याला सिंगल स्ट्रोक रोल म्हणतात तो वाजवला, तर प्रत्येक हाताच्या वाट्याला यातले निम्मे आघात येतात.

मानवी हाताची मर्यादा कोठे आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेत सर्वांत वेगवान ड्रमवादकाची स्पर्धा घेतली जाऊ लागली आणि तिच्यात ड्रमोमीटर या आघात मोजणाऱ्या यंत्रावर एका मिनिटातील एकेरी आघातांची नोंद होऊ लागली. कॅनडाच्या टॉम ग्रॉसेट याने २०१३ मध्ये एका मिनिटात १,२०८ आघात वाजवले. याचा अर्थ सेकंदाला सुमारे २० आणि प्रत्येक हाताने सुमारे १० आघात झाले, म्हणजे मिनिटाला ३०० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याचे चार भाग सलग मिनिटभर वाजवण्याइतका हा वेग आहे. प्रत्यक्ष संगीतात याची गरज क्वचितच पडते, तथापि या आकड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे एका हाताच्या दोन आघातांमध्ये येथे फक्त १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उरतो आणि तेवढ्यात स्टिक खाली येणे, आदळणे, वर जाणे आणि पुन्हा खाली येण्यास सज्ज होणे हे सारे घडावे लागते.

स्नायूंची ओढाताण

मनगट खाली वळवणारे आणि वर उचलणारे स्नायू कोपरापासून हातापर्यंतच्या भागात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असतात. पहिल्यांना आकुंचक आणि दुसऱ्यांना प्रसारक म्हणतात. स्टिक खाली आणताना आकुंचक स्नायू आखडतात आणि त्या वेळी प्रसारक स्नायू सैल असावे लागतात, तर स्टिक वर जाताना याच्या उलट घडावे लागते. सैल होण्याचे हे काम वेळेवर झाले नाही, तर दोन्ही गटांतील स्नायू एकाच वेळी ताणलेले राहून एकमेकांना विरोध करू लागतात. या अवस्थेला सह-आकुंचन म्हणतात. जड वस्तू हातात स्थिर धरताना सह-आकुंचन उपयोगी पडते, कारण त्यामुळे सांधा घट्ट होतो, परंतु मनगट जलद हलवायचे असते तेव्हा हाच घट्टपणा लगाम बनतो, कारण एका स्नायूने केलेल्या कामाचा बराचसा भाग दुसऱ्या स्नायूचा विरोध मोडण्यात खर्च होतो आणि हात लवकर थकतो.

जपानी संशोधक शिन्या फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप सापडते. त्यांनी ड्रम न वाजवणारे लोक, सामान्य ड्रमवादक आणि वर उल्लेखिलेल्या स्पर्धेचा एक विजेता यांना एका हाताने शक्य तितक्या वेगाने आघात करायला सांगून मनगटाच्या स्नायूंमधील विद्युत् हालचाल नोंदवली. इतरांचा वेग सेकंदाला साधारण पाच ते सात आघात इतका होता, तर विजेत्याचा दहाच्या आसपास होता. त्याच्या दोन विरोधी स्नायूंचे एकाच वेळी आखडणे इतरांपेक्षा कमी आढळले, त्याच्या उजव्या आणि डाव्या हातातील फरकही कमी होता आणि आघातांमधील अंतर अधिक स्थिर होते. ही निरीक्षणे एकाच असामान्य वादकाची असल्यामुळे त्यांवरून सर्वसाधारण नियम काढताना सावध राहावे लागते, तरी ड्रमशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या जो सैलपणा मागत आले आहेत त्याला येथे मोजता येईल असे रूप मिळते.

याच मोजमापाशी जोडलेली आणखी एक मर्यादा मज्जासंस्थेची आहे. हालचालीतील चूक जाणवून तिच्या दुरुस्तीची आज्ञा मेंदूकडून स्नायूपर्यंत पोचायला साधारणपणे १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणून सेकंदाला आठ-दहा आघातांच्या वेगात प्रत्येक आघातावर लक्ष ठेवून तो सुधारणे शक्य नसते आणि चार, आठ किंवा त्याहून अधिक आघातांचा गट एकच हालचाल म्हणून आधीपासून बसलेला असावा लागतो. वेगवान वादनात ज्या चुका ऐकू येतात त्या बहुधा संथ सरावात बसलेल्या चुकाच असतात, कारण वेगात नवे काही घडवायला सवडच नसते.

स्टिकची उसळी

ताणलेल्या पृष्ठभागावर आदळलेली स्टिक आपोआप वर उसळते. वेगाचा अर्धा भार ही उसळी उचलते, मात्र हाताने तिला अडवता कामा नये. जाझ आणि रॉक वादनात सर्रास वापरली जाणारी ५ए या मापाची स्टिक सुमारे १६ इंच लांब असते आणि ती बहुधा हिकरी या लाकडाची बनवलेली असते. तिच्या मागच्या टोकापासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनी किंवा मधले बोट यांच्यात तिचा टेकू ठरवला जातो, म्हणजे ती तरफेसारखी हलते. टेकू फार पुढे गेला तर स्टिकला पुरेशी झोक मिळत नाही आणि फार मागे गेला तर पुढचा भाग जड होऊन ती वर यायला वेळ लावते. बाकीची बोटे स्टिकला अलगद लागून राहतात, आणि ती मुठीत आवळली गेली की उसळी तेथेच मरते.

दोन्ही हातांनी स्टिक सारखीच धरण्याच्या पद्धतीला मॅच्ड ग्रिप म्हणतात. तिच्यात तळहात जमिनीकडे ठेवला की मनगटाचे काम वाढते आणि त्या प्रकाराला जर्मन ग्रिप म्हणतात, अंगठे आकाशाकडे वळवले की बोटांना अधिक वाव मिळतो आणि तो फ्रेंच ग्रिप होतो, तर या दोहोंमधल्या स्थितीला अमेरिकन ग्रिप म्हणतात. याखेरीज डाव्या हाताने तळहात वर ठेवून, अंगठ्याच्या बेचक्यात स्टिक धरण्याची ट्रॅडिशनल ग्रिप ही पद्धत सैनिकी ढोलांमधून आली, कारण पट्ट्याने अंगावर अडकवलेला ढोल एका बाजूला कललेला असे आणि त्यावर डावा हात असाच सोयीने पोचत असे. यांपैकी कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा मुळातच वेगवान आहे असे म्हणता येत नाही, कारण या सर्व पद्धतींनी अतिशय वेगवान वादक घडवले आहेत.

पृष्ठभागाचा ताण हीसुद्धा विचारात घेण्याची बाब आहे. पूर्वी ड्रमना वासराचे कातडे लावत असत आणि हवेतील दमटपणाने ते सैल पडत असे. १९५७ च्या सुमारास मायलार या प्लॅस्टिकची पाने बाजारात आली आणि ताण, पर्यायाने उसळी, बऱ्याच अंशी स्थिर झाली. सरावासाठी वापरले जाणारे रबरी पॅड घट्ट ताणलेल्या स्नेअरपेक्षाही अधिक उसळी देते, त्यामुळे पॅडवर गाठलेला वेग सैल ताणाच्या फ्लोअर टॉमवर तसाच उतरत नाही. याच कारणासाठी काही शिक्षक उशीसारख्या उसळी न देणाऱ्या पृष्ठभागावरही थोडा सराव करायला सांगतात, कारण तेथे स्टिक वर आणण्याचे सारे काम मनगटाला करावे लागते आणि प्रसारक स्नायू बळकट होतात. परंतु हा सराव पूरक म्हणूनच ठेवणे इष्ट असते, अन्यथा उसळीचा उपयोग करण्याची सवयच मोडते.

तीन शिक्षकांची देणगी

उसळी आणि सैलपणा यांचा पद्धतशीर उपयोग शिकवणाऱ्यांत सॅनफर्ड मोलर, बिली ग्लॅडस्टोन आणि जॉर्ज लॉरेन्स स्टोन ही तीन अमेरिकी नावे अग्रक्रमाने येतात. मोलर यांचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात जुन्या सैनिकी ढोलवादकांच्या शैलीचा आधार घेतलेला होता. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्रात चाबूक फिरवावा तशी हालचाल दंडापासून सुरू होऊन कोपर आणि मनगट यांतून स्टिकच्या टोकापर्यंत पोचते. तिच्यातून एक जोरदार आघात निघतो आणि हात पुन्हा वर उचलला जात असताना त्याच ओघात एक-दोन हलके आघात पडतात, म्हणून मोठ्या स्नायूंच्या एका फेऱ्यात दोन किंवा तीन आघात वाजतात आणि लहान स्नायूंना मध्येच विसावा मिळतो. मोलर यांचे शिष्य जिम चॅपिन यांनी पुढे अनेक दशके या तंत्राचा प्रसार केला, आणि त्यांचे १९४८ मधील पुस्तक जाझ ड्रमवादनात हातापायांचे स्वतंत्र चलन शिकवण्यासाठी आजही वापरले जाते.

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये स्नेअर वाजवणारे ग्लॅडस्टोन यांचा भर उसळीला पूर्ण मोकळीक देण्यावर होता. त्यांच्या विचारातून आलेल्या फ्री स्ट्रोकमध्ये स्टिक वरून सोडली जाते, ती आदळून ज्या उंचीवरून आली त्या उंचीपर्यंत स्वतःच परत जाते आणि बोटे तिच्याबरोबर केवळ वर-खाली होतात. येथे हाताचे कर्तव्य फेकणे आणि अडथळा न आणणे एवढेच उरते.

बॉस्टनचे शिक्षक स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक १९३५ मध्ये निघाले आणि ते बहुधा सर्वांत अधिक वापरले गेलेले ड्रमचे सरावपुस्तक असावे. त्याच्या आरंभीच्या पानांवर उजव्या आणि डाव्या हाताच्या क्रमांच्या अदलाबदली मांडलेल्या असून प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा वाजवण्याची सूचना आहे. ओळी दिसायला अगदी सोप्या असल्या तरी हेतू असा आहे की कोणता हात वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता येऊ नये. स्टोन यांचे शिष्य जो मोरेलो याच ओळींमध्ये स्वतःचे जोरदार आघात मिसळून वाजवत आणि त्यातून स्टोन यांचे १९६१ चे ‘अ‍ॅक्सेंट्स अँड रिबाउंड्स’ हे पुस्तक आकाराला आले. मोरेलो ग्लॅडस्टोन यांच्याकडेही शिकले होते आणि डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीतील त्यांच्या वादनामुळे ही परंपरा जगभर ऐकली गेली.

या परंपरेतून आघातांचे जे वर्गीकरण रूढ झाले ते वेगाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. स्टिक उंचावरून येऊन उंचावर परतली तर तो फुल स्ट्रोक, उंचावरून येऊन खाली थांबली तर डाउन स्ट्रोक, खालून सुरू होऊन खालीच राहिली तर टॅप आणि हलका आघात करून पुढच्या जोरदार आघातासाठी वर गेली तर अप स्ट्रोक असे चार प्रकार मानले जातात. यावरून लक्षात येते की आघाताची उंची म्हणजे आवाज आणि वेळ या दोहोंचा खर्च असतो. स्टिक जितकी उंच जाईल तितका परतीचा प्रवास लांबतो, म्हणून गती वाढेल तशी उंची कमी व्हावी लागते आणि अनेक विद्यार्थी वेग वाढवताना नेमके उलट करतात.

रुडिमेंट्स आणि दुबळा हात

आघातांच्या मूलभूत क्रमांना रुडिमेंट्स म्हणतात. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रुडिमेंटल ड्रमवादकांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रथम १३ आणि नंतर आणखी १३ असे एकूण २६ क्रम प्रमाण मानले, आणि १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्‌स सोसायटीने ही यादी ४० पर्यंत नेली. वेगाच्या दृष्टीने त्यांतील तीन क्रम पायाभूत ठरतात. पहिला सिंगल स्ट्रोक रोल, ज्यात हात आळीपाळीने वाजतात. दुसरा डबल स्ट्रोक रोल, ज्यात प्रत्येक हात दोनदा वाजतो. येथे पहिला आघात मनगटाच्या हालचालीतून आणि दुसरा उसळीला बोटांनी दिलेल्या साथीतून येतो, त्यामुळे मनगटाच्या एका हालचालीत दोन आघात पदरात पडतात. तिसरा पॅराडिडल, ज्याचा क्रम उजवा, डावा, उजवा, उजवा आणि मग डावा, उजवा, डावा, डावा असा असतो. पॅराडिडलमध्ये एकेरी आणि दुहेरी आघात मिसळलेले असल्यामुळे दर चार आघातांनी पुढाकार दुसऱ्या हाताकडे जातो, आणि सेटवर एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्याकडे जाताना हातांची अडकाअडक टाळता येते.

आळीपाळीने वाजवायच्या क्रमात एकूण गती नेहमी दुबळ्या हाताच्या गतीने ठरते. उजवखोऱ्या वादकाचा डावा हात मागे पडला की उजवा हात एकतर त्याच्यासाठी थांबतो किंवा पुढे निघून जातो, आणि दोन्ही प्रकारांत आघातांमधील अंतरे असमान होऊन रोल लंगडा ऐकू येतो. यावर दुबळ्या हाताला अधिक जोराने राबवण्यापेक्षा त्याला चांगल्या हाताचे अनुकरण करायला लावणे जास्त फलदायी ठरते. उजव्या हाताने सलग आठ आघात वाजवून त्यांची उंची, बोटांची ठेवण आणि नाद पाहायचा, मग तेच आठ आघात डाव्या हाताने वाजवून दोहोंतला फरक शोधायचा, असा हा सराव असतो. समोर आरसा ठेवल्यास ठेवणीतील फरक सहज दिसतो.

मेट्रोनोमबरोबरचा सराव

लय दाखवणारे यंत्र डिट्रिख विंकेल याने १८१४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये तयार केले आणि योहान मेल्झेल याने त्यात मोजपट्टीची भर घालून १८१५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज तेच यंत्र फोनवरील ॲपच्या रूपात उपलब्ध असले तरी वेग वाढवण्यासाठी त्याचा उपयोग करण्याच्या दोन वाटा पूर्वीसारख्याच आहेत.

पहिली वाट हळूहळू चढण्याची आहे. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करून एका ठोक्यात चार आघात दोन-तीन मिनिटे सलग वाजवायचे, ते सम आणि सैल वाटले तर लय दोन ते चार ठोक्यांनी वाढवायची आणि खांदे उचलले जाऊ लागले, आवाज कर्कश झाला किंवा दोन स्टिकची उंची वेगळी दिसू लागली की लय पुन्हा खाली आणायची. ही तीन चिन्हे दिसत असताना पुढे जाणे म्हणजे सह-आकुंचनाचाच सराव करणे होय.

दुसरी वाट ठोका स्थिर ठेवून त्याचे भाग वाढवण्याची आहे. एकच लय धरून ठोक्याला एक, दोन, तीन, चार, सहा आणि आठ आघात असे चढत जायचे आणि त्याच क्रमाने उतरायचे. तबल्याचा रियाज माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही वाट परिचयाची वाटेल, कारण कायदा ठाय लयीत बसवून त्याच मात्रांवर दुगुन आणि चौगुन करण्याची पद्धत हीच आहे, आणि मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू यांच्यासारख्या, तबला आणि ड्रम दोन्ही वाजवणाऱ्या वादकाच्या हातात या दोन शिस्ती एकत्र आलेल्या दिसतात. या वाटेचा विशेष लाभ असा की वादक प्रत्येक पायरीवर मूळ मात्रेशी बांधलेला राहतो आणि वेग वाढला तरी लय पळत नाही.

तथापि केवळ संथ सरावाने वेग येतो ही समजूत अपुरी आहे. चालणारा घोडा एका टप्प्यानंतर पायांचा क्रमच बदलून दुडक्या चालीत जातो, त्याप्रमाणे हातही विशिष्ट गतीच्या पुढे मोठी मनगटी हालचाल सोडून बोटांच्या लहान हालचालीवर उतरतो, आणि ही दुसरी हालचाल संथ लयीत घडतच नसल्यामुळे तिचा सराव वेगातच करावा लागतो. यासाठी लहान झेपांचा उपयोग होतो. सहज जमणाऱ्या लयीपेक्षा बरीच वरची लय लावून फक्त चार किंवा आठ आघात वाजवायचे, नंतर एक पूर्ण आवर्तन हात सैल सोडायचे आणि पुन्हा तितकेच वाजवायचे, असा हा सराव असतो. आघात थोडे असल्याने ताण साठायच्या आत हात थांबतो, आणि मधल्या विसाव्यात सैल होण्याचीही सवय लागते. चार आघातांचे आठ, आठांचे सोळा असे वाढवत नेले की झेप आणि सलग वादन यांतील अंतर मिटत जाते. यावरून वेग आणि दम या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत हेही ध्यानात येते, कारण पहिली हालचालीच्या आकारावर अवलंबून असते आणि दुसरी तोच आकार थकव्यातही टिकवण्यावर अवलंबून असते, म्हणून दोघींचा सराव एकाच वेळी मिसळून केल्यास एकही नीट होत नाही.

पायांचा वेग

ड्रम सेट एका माणसाच्या आवाक्यात आला तो बेस ड्रमच्या पेडलमुळे. विल्यम लुडविग यांनी १९०९ च्या सुमारास बाजारात आणलेल्या पेडलने पायाला जलद आणि सलग आघात करणे शक्य केले. पायाच्या बाबतीतही तरफ, टेकू आणि उसळी हेच घटक लागू पडतात, फरक इतकाच की येथे उसळीचे बरेचसे काम पेडलची स्प्रिंग करते. स्प्रिंग फार सैल असली तर बीटर, म्हणजे ड्रमवर आदळणारा हातोडा, उशिरा परततो आणि फार ताठ असली तर प्रत्येक आघाताला पायाला अधिक बळ लावावे लागते, त्यामुळे वादकाच्या वजनाला आणि शैलीला साजेसा मधला ताण शोधावा लागतो.

टाच पेडलवर टेकवून वाजवताना मुख्यतः घोट्याभोवतीचे लहान स्नायू काम करतात आणि हलका, नियंत्रित आवाज निघतो. टाच उचलून वाजवताना मांडीचे मोठे स्नायू कामाला लागतात आणि आवाज भरतो, पण मांडी उचलण्याचा वेग मर्यादित असल्यामुळे एका टप्प्यानंतर हालचाल पुन्हा घोट्याकडे आणावी लागते. हा बदल मध्यम लयीत फार अवघड वाटतो, कारण ती लय मांडीसाठी जलद आणि घोट्यासाठी संथ असते, आणि अनेक वादकांची पायाची गती नेमकी येथेच अडून राहते. दोन बेस ड्रमची कल्पना लुई बेलसन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस किशोरवयातच आखली होती आणि पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात ती लोकांसमोर आली, तर एकाच ड्रमवर दोन बीटर चालवणारे दुहेरी पेडल १९८० च्या दशकापासून मेटल संगीतात सर्रास दिसू लागले. दुहेरी पेडलवरही दुबळ्या पायाचा प्रश्न दुबळ्या हातासारखाच असतो, किंबहुना अधिक तीव्र असतो, कारण डावा पाय एरवी हाय-हॅटवर असतो आणि सलग आघात करण्याची त्याला सवय नसते.

सेटची मांडणी

पॅडवर मिळवलेला वेग सेटवर आल्यावर घटतो, कारण तेथे आघाताबरोबर प्रवासही असतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान तितका तेथे अचूक पोचायला अधिक वेळ लागतो, हा नियम मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्‌स यांनी १९५४ मध्ये गणिती रूपात मांडला आणि तो टॉम व झांजांच्या मांडणीला सरळ लागू पडतो. टॉम फार तिरके किंवा उंच लावले तर प्रत्येक वेळी कोपर उचलावे लागते, बैठक फार खाली असली तर मांड्यांवर ताण येतो आणि झांज खांद्याच्या वर गेली तर दंड लवकर थकतो. म्हणून बैठक अशी ठेवतात की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील आणि हात कोपरात सैल वाकलेले असताना स्टिकची टोके स्नेअरच्या मध्यभागी आपोआप येतील, आणि मगच बाकीची वाद्ये या स्थितीभोवती जवळ ओढून लावतात.

विश्रांती, झोप आणि दुखापत

हालचालीचे कौशल्य सरावाच्या वेळेबाहेरही पक्के होत असते. बोटांच्या ठरावीक क्रमाने कळा दाबण्याच्या एका प्रयोगात, रात्रीच्या झोपेनंतर कोणताही अधिक सराव न करता वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नोंदवले. हा आकडा ड्रमवादनाला जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही, पण आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस-पंचवीस मिनिटे वाजवणे का हितावह ठरते याचे एक कारण त्यातून मिळते.

याउलट, वेदना सोसून केलेला सराव हानी करतो. मनगट आणि कोपराभोवतीच्या स्नायुबंधांना सूज येणे आणि मनगटातील मज्जातंतूवर दाब पडून बोटांना मुंग्या येणे हे विकार ड्रमवादकांत आढळतात, आणि आवळलेली मूठ हे त्यांचे एक कारण असू शकते. थकव्याची जळजळ थोड्या विसाव्याने जाते, पण टोचणारी वेदना किंवा बधिरपणा आल्यास वाजवणे थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. कानांचे रक्षणही तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. बंद खोलीतील ड्रम सेट वादकाच्या कानाशी ही पातळी सहज ओलांडतो, म्हणून दीर्घ सराव पॅडवर करणे आणि सेटवर कर्णरक्षक वापरणे हा सरावाचाच भाग मानला पाहिजे.

उपयोगी वेग

वादकाची कमाल गती आणि त्याची उपयोगी गती या दोन वेगळ्या संख्या आहेत. कमाल गतीला तो काही सेकंद कसाबसा टिकतो, तर उपयोगी गतीला तो आवाज कमीजास्त करू शकतो, मध्येच एखादा आघात ठळक करू शकतो आणि सहवादकांचे ऐकू शकतो. मिनिटाला ३०० ठोक्यांच्या आसपास धावणाऱ्या बीबॉप शैलीच्या जाझमध्ये राइड झांजेवरचा क्रम कित्येक मिनिटे हलक्या आवाजात चालवावा लागतो आणि मधूनमधून डाव्या हाताने एकलवादकाला उत्तर द्यावे लागते. तेथे जोर लावून मिळवलेली गती कामास येत नाही, कारण ती एकाच आवाजात बंदिस्त असते. म्हणून प्रगती तपासण्याची सर्वांत विश्वासार्ह कसोटी अशी की ठरलेला क्रम शक्य तितक्या हळू आवाजात दोन मिनिटे वाजवून पाहावा. हलक्या वादनात स्टिक फार उंच नेता येत नाही आणि आखडलेला हात लगेच उघडा पडतो, त्यामुळे त्या आवाजात ज्या लयीपर्यंत आघात सम राहतात तीच त्या दिवसाची खरी गती समजावी, सरावाच्या वहीत तोच आकडा लिहावा आणि पुढच्या दिवसाचा आरंभ त्याच्या बराच खालून करावा.